शिष्यवृत्तीची साइट वाचनालयाच्या संगणकावर उघडत नाही, मोबाइलवर मात्र उघडते. मदत हवी

ग्रंथसखी | सोमवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात एक संगणक आणि एक स्कॅनर आहे. आजूबाजूच्या वाड्यांमधली मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला इथेच येतात. यंदाचे अर्ज सुरू झालेत, मुदत शुक्रवारी संपतेय आणि नेमकी तीच साइट या संगणकावर उघडत नाही. गेल्या वर्षी याच संगणकावरून सगळे अर्ज भरले होते.

क्रोममध्ये पत्ता टाकला की लाल खूण येते आणि "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" असं पान दिसतं. फायरफॉक्समध्येही तसाच इशारा. बाकी सगळं सुरळीत आहे. जीमेल, बँक, वर्तमानपत्रं, सगळं उघडतं. माझ्या मोबाइलवर ही शिष्यवृत्तीची साइटसुद्धा उघडते, पण उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, पासबुकाचं पहिलं पान हे सगळं स्कॅन करून ठरावीक आकारात चढवायचं असतं. मोबाइलवर ते धड होत नाही. काढलेला फोटो एक तर फार मोठा होतो, नाहीतर लहान केल्यावर शिक्का वाचता येत नाही.

संगणक बंद करून चालू केला, ब्राउझरचा इतिहास पुसला. काही फरक नाही. विंडोज १० आहे. मुलं येऊन परत जातायत, म्हणून जरा लवकर कुणी सुचवलं तर बरं होईल.

झटपट | सोमवार, सकाळी ११.२५

ताई, त्या इशाऱ्याच्या पानावर खाली "प्रगत" असं बटण असतं. ते दाबलं की बारीक अक्षरात "पुढे जा" येतं. त्यावर क्लिक करा, साइट उघडेल. आमच्या ऑफिसातल्या राउटरचं पान मी रोज असंच उघडतो.

तारायंत्र | सोमवार, सकाळी ११.४०

ग्रंथसखीताई, ते बटण कृपया दाबू नका. निदान कारण कळेपर्यंत तरी नको.

झटपट, तुमच्या राउटरचं पान वेगळं. तो तुमच्याच टेबलावरचा डबा आहे, त्याने स्वतःचं प्रमाणपत्र (म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र) स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून ब्राउझर तक्रार करतो. इथे मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, बँक खाती भरायची आहेत. "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" याचा सरळ अर्थ असा की समोर जो सर्व्हर आहे तो आपणच ती साइट असल्याचं सिद्ध करू शकलेला नाही. मग समोर कोण आहे, हे आधी बघायला हवं.

ताई, तीन गोष्टी सांगा.

त्या इशाऱ्याच्या पानावर बारीक इंग्रजी कॅपिटल अक्षरांत एक ओळ असते, "एनईटी" ने सुरू होणारी. ती अक्षर न बदलता लिहा. मोठ्या अक्षरातला मजकूर पाचसहा वेगवेगळ्या बिघाडांना सारखाच असतो, खरी माहिती त्या बारीक ओळीत असते.

दुसरं, मोबाइलवर साइट उघडते म्हणालात ती मोबाइल डेटावर की वाचनालयाच्या वायफायवर? डेटा बंद करून, वायफाय लावून एकदा बघा.

तिसरं, संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख आणि साल बरोबर आहे का?

फोंडेकर | सोमवार, दुपारी १२.०५

तारखेचा मुद्दा महत्त्वाचा. आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात वीज जा-ये करते. जुन्या डेस्कटॉपमधला गोल सेल संपला असेल, तो सीआर २०३२ म्हणतात तो, तर प्रत्येक वेळी संगणक उठतो तो जुन्याच सालात. प्रमाणपत्राला "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. संगणकाला वाटतं अजून मुदत सुरूच झालेली नाही, आणि मग तो जवळजवळ प्रत्येक सुरक्षित साइट नाकारतो. सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

ग्रंथसखी | सोमवार, दुपारी १२.५०

तारायंत्र, फोंडेकर, धन्यवाद.

तारीख, साल, वेळ सगळं बरोबर आहे. ती बारीक ओळ अशी: "एनईटी ईआरआर सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड". मोबाइल डेटा बंद करून वाचनालयाच्या वायफायवर बघितलं, तिथेही साइट व्यवस्थित उघडली. लॉगिनचं पान आलं.

तारायंत्र | सोमवार, दुपारी १.१५

छान, या उत्तरांनी निम्मं काम झालं. आता तर्क कसा चालतो ते सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न इथे सारखा येतो आणि उत्तरात प्रत्येक वेळी "कॅशे साफ करा" एवढंच मिळतं.

आपण पत्ता टाकून एंटर दाबतो तेव्हा एकामागून एक चार कामं होतात. आधी नावावरून आकड्यांचा पत्ता शोधला जातो, हे डीएनएसचं काम. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था आखली, त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये लिहून ती फाइल सगळीकडे वाटली जायची. दुसरं, त्या आकड्यांच्या पत्त्यावरच्या यंत्राशी जोडणी होते. तिसरं, ते यंत्र आपलं प्रमाणपत्र दाखवतं आणि ब्राउझर ते तपासतो. चौथं, प्रत्यक्ष पान येतं.

प्रत्येक पायरीवर अडकलं की संदेश वेगळा येतो. "डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन" दिसलं तर पहिल्याच पायरीवर नाव सापडलेलं नाही. पत्ता टाइप करताना चूक झाली असेल, साइटवाल्यांनी नावाचं नूतनीकरण केलं नसेल किंवा आपला डीएनएस बिघडला असेल. "कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे पत्ता मिळाला, पण पलीकडून उत्तर नाही. "सर्ट" असलेला कुठलाही संदेश तिसऱ्या पायरीचा. ४०३, ४०४, ५०२, ५०३ असे आकडे दिसले तर समोरचा सर्व्हर बोलतोय, तक्रार त्याच्या घरातली आहे. अशा वेळी आपला संगणक उलथापालथा करून उपयोग बहुधा नसतो.

तुमच्याकडे तिसरी पायरी अडली आहे. "डेट इनव्हॅलिड" असतं तर घड्याळ किंवा संपलेली मुदत. "अथॉरिटी इनव्हॅलिड" असतं तर प्रमाणपत्र देणारी संस्था ब्राउझरला ओळखीची नाही, किंवा मधे अँटिव्हायरस स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतोय. तुमचं "कॉमन नेम इनव्हॅलिड" आहे. म्हणजे प्रमाणपत्र आहे, पण दुसऱ्याच कुणाच्या नावाचं.

त्यात मोबाइल त्याच वायफायवर साइट उघडतो. म्हणजे राउटर, इंटरनेटवाले आणि ती साइट, तिघेही सुटले. दोन वेगळे ब्राउझर सारखेच अडतायत, म्हणजे क्रोमचा इतिहास, कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी), एक्स्टेन्शन यांचाही संबंध नाही. दोष त्या संगणकाच्या आत, ब्राउझरच्या खाली कुठेतरी आहे.

आता एवढं करा. इशाऱ्याच्या पानावर पत्त्याच्या डावीकडे "सुरक्षित नाही" लिहिलेलं असेल, त्यावर क्लिक करून प्रमाणपत्र उघडा. हे बघायला पुढे जावं लागत नाही. "कोणाला दिलं" यापुढे काय नाव आहे?

सह्याद्री | सोमवार, दुपारी २.३०

अवांतर आहे, पण प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वय झाल्याने नवा फोन घ्यायचा उत्साह नाही. माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनवर हल्ली काही ठरावीक साइट "अथॉरिटी इनव्हॅलिड" दाखवतात. संत साहित्याची एक जुनी साइट मी रोज वाचायचो, तीही त्यात गेली. तारीख बरोबर आहे. अँड्रॉइड ७.० आहे. यावर काही इलाज?

तारायंत्र | सोमवार, दुपारी ३.००

काका, आहे. तुमच्या फोनमध्ये विश्वासू संस्थांची एक यादी कारखान्यातूनच आलेली आहे आणि जुन्या फोनवर ती नव्याने भरली जात नाही. फुकट प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीस लोकांसाठी खुली झाली आणि लहान साइटवाल्यांनी मोठ्या संख्येने तिचीच प्रमाणपत्रं घेतली. तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइडमध्ये ७.१.१ पासून आहे. तुमचा फोन त्याच्या जरासा मागे राहिला. मधली काही वर्षं एका जुन्या संस्थेच्या जोडप्रमाणपत्रावर असे फोन चालत राहिले, त्या जोडाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली.

तुमच्या फोनला चालणारी फायरफॉक्सची आवृत्ती टाका. फायरफॉक्स फोनची यादी न वापरता स्वतःची यादी सोबत आणतो, त्यामुळे साइट उघडेल. मात्र त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका. त्याला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच थांबलं आहे.

सह्याद्री | सोमवार, दुपारी ४.१५

फायरफॉक्स टाकला. हरिपाठ उघडला. मनापासून आभार. बँकेचं काम मी शाखेत जाऊनच करतो.

ग्रंथसखी | सोमवार, दुपारी ४.४०

प्रमाणपत्र बघितलं. "कोणाला दिलं" यापुढे एका कापडाच्या दुकानाच्या साइटचं नाव आहे! शिष्यवृत्तीशी काही म्हणजे काही संबंध नाही. हे दुकान मी कधी ऐकलेलंही नाही. संगणकात व्हायरस शिरलाय का? मला आता खरंच काळजी वाटायला लागली आहे, गेल्या वर्षीची मुलांची कागदपत्रं याच्यावर आहेत.

झटपट | सोमवार, संध्याकाळी ५.००

कापडाचं दुकान? माझ्या मते विंडोज नव्याने टाकून घ्या. एका दिवसाचं काम आहे.

तारायंत्र | सोमवार, संध्याकाळी ५.२०

थांबा, विंडोजला हात लावू नका. स्कॅनरचा ड्रायव्हर पुन्हा शोधण्यात शुक्रवार उजाडेल.

ताई, घाबरू नका. तुमचा संगणक शिष्यवृत्तीच्या साइटचं नाव घेऊन भलत्याच पत्त्यावर जातोय, एवढंच आत्ता कळलंय. तो पत्ता त्याला कोण देतं ते शोधू.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत "एनएसलुकअप" लिहून, एक जागा सोडून साइटचं नाव लिहा आणि एंटर दाबा. नाव टाकताना सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि तिरप्या रेघा गाळा. खाली येणारा आकड्यांचा पत्ता कागदावर लिहून घ्या. मग "पिंग" लिहून तेच नाव टाका. त्याच्या पहिल्या ओळीतही कंसात एक पत्ता दिसेल. दोन्ही पत्ते सारखे आहेत का, एवढंच मला सांगा. पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल, पुष्कळ सर्व्हर पिंगला उत्तर देतच नाहीत.

हडसनतीर | सोमवार, संध्याकाळी ६.३०

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे सकाळ आहे. माझीही अडचण याच प्रकारची वाटते. गावच्या जमिनीच्या कागदांसाठी एक सरकारी साइट उघडायची आहे. इथून ती फक्त फिरत राहते आणि शेवटी "टाइम्ड आउट". साताऱ्यातल्या भावाला फोन केला तर त्याच्याकडे त्याच क्षणी उघडते. ब्राउझर बदलले, लॅपटॉप बदलला, शेजाऱ्याचं वायफाय घेऊन पाहिलं.

फोंडेकर | सोमवार, संध्याकाळी ७.१०

हडसनतीर, तुमच्या बाजूने काही चुकत नाहीये. आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी साइट परदेशातल्या पत्त्यांना मुळात आतच घेत नाहीत. हल्ले टाळायला ती कुंपणं घातलेली असतात. माझी बहीण दुबईत आहे, तिचाही असाच अनुभव. अमेरिकेतले सगळे लॅपटॉप पालथे घातलेत तरी हेच होणार.

व्हीपीएनने, म्हणजे आपलं येणंजाणं दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने, भारतातला पत्ता घेता येतो, पण ग्राहकांची माहिती साठवून ठेवायला सांगणाऱ्या सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानंतर बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता त्या भारताचा पत्ता देतात तोही बाहेरच्या देशातल्या यंत्रावरून, आणि तो कुठे चालतो, कुठे नाही. फुकटच्या व्हीपीएनवरून तर जमिनीची, आधारची कामं करूच नका. तुमचं सगळं येणंजाणं त्या अनोळखी माणसाच्या हातून जातं. भावाला उतारा काढून पीडीएफ पाठवायला सांगणं हाच सरळ मार्ग.

हडसनतीर | सोमवार, संध्याकाळी ७.३०

हे आधी कुणी सांगितलं असतं तर किती वेळ वाचला असता. त्या साइटवर "ही सेवा फक्त भारतातून उपलब्ध आहे" एवढी एक ओळ तरी दाखवायला हवी. नुसतं फिरणारं चक्र बघून माणसाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. भावाला सांगितलंय. धन्यवाद.

ग्रंथसखी | मंगळवार, सकाळी १०.२०

काल वाचनालय बंद करायची वेळ झाली म्हणून आज सकाळी येऊन केलं. दोन्ही पत्ते वेगळे आहेत! एनएसलुकअपने दिलेला पत्ता १६४ ने सुरू होतो. पिंगमध्ये मात्र १०३ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. आता?

तारायंत्र | मंगळवार, सकाळी १०.३५

सापडलं, बहुतेक नक्कीच.

एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंग आणि ब्राउझर विचारतात विंडोजला, आणि विंडोज बाहेर विचारण्याआधी स्वतःच्या खिशातली वही उघडून बघतो. त्या वहीचं नाव होस्ट्स फाइल. मोकापेट्रिस यांच्या आधीच्या काळातल्या त्या वाटल्या जाणाऱ्या फाइलचाच हा वारसा, आजही प्रत्येक संगणकात आहे. तिथे एखाद्या नावापुढे पत्ता लिहिलेला असेल तर डीएनएस काय म्हणतं याला काही किंमत उरत नाही. म्हणूनच दोन्ही ब्राउझर सारखेच अडले आणि इतिहास पुसून काही फरक पडला नाही.

आता फाइल उघडू. स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, त्यावर उजवं बटण दाबून "प्रशासक म्हणून चालवा" निवडा. ही पायरी गाळलीत तर शेवटी फाइल जतन होणार नाही. मग नोटपॅडमधून फाइल, ओपन. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जा. फोल्डर रिकामा दिसेल, कारण नोटपॅड फक्त मजकुराच्या फाइली दाखवतं. खाली उजवीकडे "सर्व फाइली" निवडलं की होस्ट्स दिसेल.

आत # या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी असतील, त्या नुसत्या टिपा आहेत. ज्या ओळीच्या सुरुवातीला # नाही आणि जिच्यात शिष्यवृत्तीच्या साइटचं नाव आहे, ती आपल्याला हवी. सापडली तर आधी इथे लिहा, लगेच काही पुसू नका. आणखी काही अनोळखी ओळी असतील तर त्याही सांगा. बँकांची किंवा अँटिव्हायरस कंपन्यांची नावं तिथे दिसली तर मात्र तो व्हायरसचा उद्योग असू शकतो.

ग्रंथसखी | मंगळवार, सकाळी ११.१५

सापडली. सगळ्या टिपांच्या खाली, अगदी शेवटी दोन ओळी आहेत. पहिली # ने सुरू होते आणि पुढे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, "शिष्यवृत्ती लवकर उघडण्यासाठी". दुसऱ्या ओळीत तो १०३ चा पत्ता आणि साइटचं नाव. बाकी काही नाही.

आता लक्षात आलं. मागे एकदा शेवटच्या दिवशी साइट कुणाकडेच उघडत नव्हती. तेव्हा तालुक्याहून संगणक दुरुस्तीचा एक मुलगा आला होता, त्याने काहीतरी केलं आणि आमच्याकडे साइट उघडली. त्या संध्याकाळी उरलेल्या सगळ्या मुलांचे अर्ज गेले होते. त्याने चांगल्या हेतूनेच केलं होतं.

तारायंत्र | मंगळवार, सकाळी ११.३०

हेतू चांगलाच होता, आणि त्या दिवशी उपायही चालला. डीएनएस गर्दीत अडखळत असेल तर पत्ता थेट लिहून ठेवला की ती पायरी वाचते. फक्त काम झाल्यावर ती ओळ काढायला हवी होती. साइट पुढे दुसऱ्या सर्व्हरवर गेली. होस्टिंगवाल्यांनी मोकळा झालेला १०३ चा पत्ता दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला, म्हणजे त्या कापड दुकानाला. तुमचा संगणक जुन्या घरी जाऊन दार वाजवत होता आणि दार उघडणारा माणूस आपल्या खऱ्या नावाचं प्रमाणपत्र दाखवत होता.

आता त्या दुसऱ्या ओळीच्या अगदी सुरुवातीला # घाला. पुसायची गरज नाही, त्यामुळे पुढे कुणी बघितलं तर काय झालं होतं ते कळेल. फाइल जतन करा. मग काळ्या खिडकीत "आयपीकॉन्फिग", एक जागा, तिरपी रेघ आणि जोडून "फ्लशडीएनएस". ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

ग्रंथसखी | मंगळवार, दुपारी १२.००

नोटपॅड म्हणतं परवानगी नाही. प्रशासक म्हणूनच उघडलं होतं.

फोंडेकर | मंगळवार, दुपारी १२.१०

अँटिव्हायरस असेल. बरेच अँटिव्हायरस होस्ट्स फाइलला कुणाला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये होस्ट्सचं संरक्षण तेवढ्यापुरतं बंद करा, फाइल जतन झाली की लगेच चालू करा. दुसरं, फाइलच्या गुणधर्मांत "फक्त वाचनासाठी" अशी खूण आहे का तेही बघा.

ग्रंथसखी | मंगळवार, दुपारी १२.३५

"फक्त वाचनासाठी" ची खूण होती. ती काढली, # घातला, जतन झालं, फ्लश केलं.

उघडली!! लॉगिनचं पान आलं, कुलपाची खूण आली, प्रमाणपत्रावर साइटचंच नाव आहे. दोन मुली सकाळपासून इथेच बसून होत्या, त्यांचे दाखले आता स्कॅन होतायत. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू?

झटपट | मंगळवार, दुपारी १.००

वा, अभिनंदन ताई. तारायंत्र, एक विचारायचं आहे. काल त्यांनी "पुढे जा" दाबलं असतं तर नेमकं काय झालं असतं? अर्ज त्या दुकानाकडे गेला असता का?

तारायंत्र | मंगळवार, दुपारी १.३०

चांगला प्रश्न. या प्रसंगात बहुधा दुकानाचं पान उघडलं असतं किंवा "सापडले नाही" असा संदेश आला असता. त्या सर्व्हरवर शिष्यवृत्तीचा अर्जच नाही. पण दोन धोके होते. त्या संगणकावर गेल्या वर्षीचं लॉगिन शिल्लक असेल तर ब्राउझरने साइटच्या नावावर ठेवलेल्या कुकीज त्या परक्या सर्व्हरला पाठवल्या असत्या. ब्राउझर नाव बघून कुकीज देतो, आकड्यांचा पत्ता बघून नाही. आणि तो पत्ता दुकानाऐवजी एखाद्या भामट्याच्या हाती पडला असता, त्याने हुबेहूब लॉगिनचं पान बनवून ठेवलं असतं, तर "पुढे जा" नंतर ते पान खऱ्यासारखंच दिसलं असतं. फरक सांगणारी एकच गोष्ट होती, तो इशारा.

म्हणून काही साइट ते बटणच ठेवू देत नाहीत. एचएसटीएस नावाची सोय २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ती लावलेल्या साइटबाबत ब्राउझर इशारा देतो आणि पुढे जायची वाटच दाखवत नाही. लोक चिडतात, पण जिथे पैसे आणि ओळखपत्रं गुंतलेली असतात तिथे हेच हवं.

सिद्धेश्वरपेठ | मंगळवार, दुपारी ३.४५

धागा वाचून हुरूप आला, माझंही विचारतो. सोलापुरात घरी फायबर घेतलंय. बहुतेक सगळं भन्नाट चालतं, पण मुलीच्या विद्यापीठाची साइट आणि आणखी दोन साइट अर्धवट उघडतात. खाली "जोडत आहे" येतं, कधी वरची पट्टी दिसते आणि मग पांढरं पान. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याच लॅपटॉपवर झटकन उघडतात. होस्ट्स बघितली, स्वच्छ आहे. पिंग आणि एनएसलुकअपचा पत्ता एकच. डीएनएस बदलून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ करून पाहिला, फरक नाही. तक्रार केंद्र म्हणतं "सर, स्पीड टेस्ट बरोबर येतेय".

फोंडेकर | मंगळवार, दुपारी ४.१०

आधी सोपं एक करून बघा. पत्त्याजवळच्या खुणेवर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा. सगळा इतिहास नको, नाहीतर जिथे तिथे पुन्हा लॉगिन करत बसाल. तसा हॉटस्पॉटवर त्याच ब्राउझरमध्ये उघडतेय म्हणजे कुकीज नसाव्यात, पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तारायंत्र | मंगळवार, दुपारी ४.३०

माझा संशय एमटीयूवर आहे. नेटवरून माहिती तुकड्यातुकड्यांच्या पाकिटांत जाते, त्यातलं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं तो आकडा म्हणजे एमटीयू. "थोडं उघडून अडकतं, ठरावीक साइटच, फायबरवरच" हे त्याचं अगदी नेहमीचं लक्षण.

साध्या इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. घरच्या फायबरला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर ती पीपीपीओई नावाची जोडणीची पद्धत, आणि तिचं वेष्टण ८ बाइट खातं. उरतात १४९२. पुढे वाटेत आणखी एखादं वेष्टण असेल तर आणखी कमी. पाकीट मावत नसेल तर वाटेतला राउटर "लहान करून पाठवा" असा निरोप परत पाठवतो. काही साइटवाल्यांच्या फायरवॉलमध्ये तो निरोपच अडवलेला असतो. मग जोडणीची लहान पाकिटं जातात-येतात, म्हणून "जोडत आहे" दिसतं, आणि पानाची मोठी पाकिटं वाटेत गडप होतात. स्पीड टेस्टच्या सर्व्हरकडे निरोप पोचतो, म्हणून तिथे सगळं छान.

लॅपटॉप फायबरवर ठेवून काळ्या खिडकीत हे टाका: पिंग, जागा, डॅश एफ, जागा, डॅश एल, जागा, १४६४, जागा, १.१.१.१. उत्तर आलं तर १४९२ मावतंय (२८ बाइट शीर्षकाचे धरायचे). आलं नाही तर आकडा थोडाथोडा कमी करत जा आणि ज्या सगळ्यात मोठ्या आकड्याला उत्तर येतं तो सांगा.

सिद्धेश्वरपेठ | मंगळवार, रात्री ९.२०

कुकीज पुसल्या, फरक नाही. १४६४ ला "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". १४६० ला तेच. १४५२ ला लगेच उत्तर आलं. १४५३ ला पुन्हा नाही.

तारायंत्र | मंगळवार, रात्री ९.४०

मग तुमच्या वाटेवर १४५२ अधिक २८, म्हणजे १४८० च मावतात. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या भागात एमटीयू असेल, तिथे १४९२ चं १४८० करून राउटर बंद-चालू करा. बहुतेक राउटर त्यावरून समोरच्या सर्व्हरलाही "एवढीच मोठी पाकिटं पाठव" असं जोडणीच्या वेळीच सांगतात.

ग्रंथसखी | बुधवार, दुपारी ४.००

काल-आज मिळून थांबलेल्या सगळ्यांचे अर्ज गेले, पावत्याही छापून दिल्या. शेजारच्या दोन वाचनालयांनाही तोच दुरुस्तीवाला मुलगा जातो. त्यांना फोन करून होस्ट्स फाइल बघायला सांगितली. एका ठिकाणी हीच ओळ निघाली, तेही सोमवारपासून अडले होते. दुरुस्तीवाल्या मुलालाही कळवलंय, तो बाकीच्या ठिकाणी स्वतः जाऊन काढणार आहे.

सिद्धेश्वरपेठ | बुधवार, संध्याकाळी ७.३०

विद्यापीठाची साइट उघडली, लेकीने हॉल तिकीट काढलं. दोनपैकी एक साइट उघडली, एक अजून पांढरीच आहे.

तारायंत्र | बुधवार, रात्री ८.००

उरलेल्या साइटचं नाव हॉटस्पॉटवर आणि फायबरवर, दोन्हीकडे एनएसलुकअप करून बघा. एकीकडे लांबलचक, मधे दुहेरी टिंबं असलेला आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीचा, नेहमीचा आकड्यांचा तो आयपीव्ही४) पत्ता येत असेल तर राउटरमध्ये आयपीव्ही६ चाचणीपुरतं बंद करा. उघडली तर तक्रार केंद्राला "नेट चालत नाही" न म्हणता असं सांगा: "आयपीव्ही४ वर साइट उघडते, आयपीव्ही६ वर उघडत नाही, आणि पीपीपीओईवर १४८० पेक्षा मोठं पाकीट जात नाही. तक्रार नेटवर्क विभागाकडे पाठवा आणि तक्रार क्रमांक द्या."